गाळपेर आणि भरती

"पानी उतारलं." आईचा फोन आला की पहिले शब्द हे. तब्येत, पाहुणे, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, सगळं त्यानंतर. भाटघरच्या धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव. संक्रांत झाली की पाणी हळूहळू काठ सोडायला लागतं आणि शिमग्यापर्यंत आमच्या घराखालचा उतार चांगला दोन-तीनशे पावलं उघडा पडतो. खाली मऊ, काळा, ओला गाळ असतो. त्या गाळात जे पेरतात ती गाळपेर. काकडी, कलिंगड, भुईमूग, गुरांपुरतं कडवळ. पावसाळ्यात पाणी परत चढायच्या आत सगळं काढून घ्यायचं. जमीन सरकारची, चार महिने उघडी आणि आठ महिने पाण्यात. पणजोबांच्या वेळेस धरण झालं तेव्हा आमचं रान त्यात गेलं. त्याचा एक तुकडा दर उन्हाळ्यात असा चार महिने माहेरपणाला आल्यासारखा वर येतो आणि आई तो कसते.

परवाही फोन आला. पाणी उतरलं, बी काढून ठेवलंय, कधी येतेस. तिचा फोन ठेवते तोच माझ्या धाकट्या भावाचा, दिलीपचा आला. तो पुण्यात असतो, कात्रजला, तिसऱ्या मजल्यावर. "ताई, ह्या वर्षी काहीतरी ठरवायलाच पाहिजे," तो म्हणाला. "माघात घसरली ती गाळात, गुडघ्याची सूज अजून उतरलेली नाही. सत्तरी उलटली तिची. रविवारी तू पण चल. दोघांनी मिळून समजावू. ती पुण्याला आली पाहिजे."

मी "बघते" म्हटलं. मी बघते म्हटलं की दिलीपला ते हो वाटतं, आणि आजवर बहुतेक वेळा ते हो असायचंच.

माझं नसरापूरला औषधांचं दुकान आहे. ह्या दिवसांत माझ्याकडे गुडघ्याचं मलम सगळ्यात जास्त खपतं. गाळात दिवसभर वाकलेली माणसं संध्याकाळच्या एसटीनं येतात, पायाला वाळलेला चिखल तसाच, आणि काउंटरवर हात टेकून म्हणतात, "द्या वो कायतरी, वाईच चालाय यील असं." मी मलम देते आणि वर दोन उपदेश फुकट देते. वाकू नका, ओझं उचलू नका, आराम करा. माणसं मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी परत गाळात उतरतात. ह्या उपदेशातला फोलपणा मला फार उशिरा कळला. तोही दुकानात नाही, समुद्रावर.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. असंच पाणी उतरलेलं, होळी होऊन चारेक दिवस झालेले. दिलीपनं आणि मी कट केला. कट हाच शब्द बरोबर आहे. आईला समुद्रावर न्यायचं, एक दिवस, एक रात्र. तिथं तिनं काडी इकडची तिकडे करायची नाही. चांगलंचुंगलं खायचं, वाऱ्यावर बसायचं. बसण्यातलं सुख एकदा तिला कळलं की गाळपेर आपोआप सुटेल, असा आमचा हिशेब. तिला आयुष्यात कुणी बसूच दिलं नाही, म्हणून ती बसत नाही, असं आम्हां दोघांचं पक्कं मत होतं. आम्ही दोघं शिकलेले, त्यामुळे आमची मतं पक्कीच असतात.

आणि मताला पुरावाही होता. आई लग्नाला गेली तर मांडवाच्या मागे जाऊन तांदूळ निवडायला बसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा एका डोळ्याला पट्टी, तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या चादरीची घडी घालत होती. माझ्याकडे दोन दिवस राहायला आली की दुकानातली रिकामी खोकी चपटी करून, सुतळीनं बांधून, आकारानुसार लावून ठेवते. मग मला हवं ते खोकं सापडत नाही आणि आमचं भांडण होतं.

आम्ही पहाटे निघालो. दिलीपनं गाडी आणली होती. आई पायरीवर तयार बसलेली, नवं लुगडं, आणि मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. दिलीपनं विचारलं, "हे काय?"

"भाकरी हाईत. आन् ठेचा."

"आई, ठरलं होतं ना, काही करायचं नाही म्हणून!"

"ह्या कालच्या हाईत," आई म्हणाली. "काल कुठं सुट्टी व्हती?"

वरंध घाटात उजाडलं. पळसाला फुलं होती. एका वळणावर गाडी थांबवून आम्ही त्याच भाकरी खाल्ल्या, ठेचा लावून, दिलीपनं तर तीन. त्याच्या बायकोनं डबा दिला होता, तो तसाच राहिला. महाडच्या खाली हवा बदलली, दमट झाली, आणि आई काचेला नाक लावून माडाची झाडं मोजायला लागली. पन्नासाच्या पुढे तिनं नाद सोडला.

श्रीवर्धनच्या अलीकडे एका लहान गावात दिलीपनं घरगुती राहायची सोय बघितली होती. सुगंधाताई म्हणून एक बाई चालवायच्या. अंगण सारवलेलं, मागं चूल, पुढं सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे लगेच किनारा. सामान टाकलं, जेवणाचं सांगितलं. "एक वाजता पानं घेते," सुगंधाताई म्हणाल्या, "तोवर या फिरून." साडेनऊ-दहाचा सुमार असेल. आम्ही सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो.

आईनं समुद्र पहिल्यांदा बघितला तो असा. समोर प्रचंड ओली वाळू, सपाट, चमकणारी, आणि पाणी पार लांब, पांढऱ्या रेघेसारखं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे भरून येतील, हात जोडेल, असं काहीतरी मनात धरून होते. आई कपाळावर हात धरून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "केवढं उतारलंय गं पानी!"

मग म्हणाली, "आन् कुनीच कसं पेरलं न्हाई?"

दिलीप हसून हसून वाळूत बसला. आई बसली ती मात्र कामाला. तिनं मूठभर वाळू उचलली, दाबली, वास घेतला, जिभेला लावली. थुंकली. "गाळ न्हाई ह्यो. खारट हाय. कायच येनार न्हाई हितं." तिला खरंच वाईट वाटलं होतं. एवढं रान नुसतं पडून आहे हे तिला बघवेना.

सतरंजी कुठं टाकायची यावर थोडी चर्चा झाली. दिलीपचं म्हणणं, सुरूखाली सावलीत. आई म्हणाली, "तितं नगं, माश्या हाईत. हितं मधी वारा लागतुया. पानी तर किती लांब हाय." आम्ही ऐकलं. इथं मी कबूल करते, आम्हां तिघांपैकी एकाच्याही मनात शंका आली नाही. भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केलेली, चंद्राचं चित्र काढून, बाण दाखवून पाच मार्कांना लिहिलेली. पण पाठ केलेलं वेगळं आणि अंगात मुरलेलं वेगळं. आमचं पाणी एकदा उतरलं की आषाढापर्यंत मागे वळून बघत नाही. उघडी पडलेली जमीन ही चार महिने आपली, हे आम्हांला पाळण्यात असल्यापासून माहीत. तेव्हा आम्ही किनाऱ्याच्या बरोबर मध्ये सतरंजी टाकली, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर सगळ्यांच्या चपला ठेवल्या, आणि मालकासारखे बसलो.

आता बाटली. दिलीपच्या कंपनीत कुणीतरी निरोपाला वाटलेली वाईन होती, तांबडी. समुद्र, मासे आणि वाईन असं त्यानं कुठंतरी बघितलं असणार. आईपुढे कशी काढायची म्हणून ती माझ्या टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाला ठेवलेली. पन्नाशीला टेकलेली बहीण आणि टक्कल पडायला लागलेला भाऊ, दोघं आईपासून बाटली लपवत होतो. आईनं पाण्याचा तांब्या काढायला पिशवीत हात घातला आणि आधी बाटलीच काढली.

"ह्ये काय?"

"वाईन," दिलीप म्हणाला. "द्राक्षाची असते."

"म्हंजी दारूच की."

"दारू म्हणजे... तशी दारू नाही. हलकी असते. औषधासारखी. ताईला विचार."

मी औषधवाली असल्यानं असल्या प्रसंगी माझी साक्ष काढतात. मी म्हटलं, "दारूच आहे आई. पण थोडी घेतली तर चढत नाही."

आईनं बाटली उन्हात धरून रंग बघितला. "आज सुट्टी हाय न्हवं?" तिनं विचारलं. "मग सुट्टीसारखं वागा की. चोरावानी काय बसलाय? वत."

स्टीलच्या फुलपात्रांत ओतली. आईनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे बारीक केले. आंबिलीपासून लोणच्यापर्यंत आंबवायचं सगळं जिच्या हातावर, तिला हे नवीन नव्हतं. "जांभळाच्या शिरक्याच्या वळणावर गेलंय," ती म्हणाली. "पर बरं हाय. द्राक्ष वाईच लवकर तोडल्यालं दिसतंय." दुसरा घोट घेतला. समोर पाणी चमकत होतं, वारा होता, भाजके शेंगदाणे होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच पीत होते. गालांना ऊब आली आणि दुकान कुठल्या दिशेला आहे हेही मला सांगता आलं नसतं.

पण आईचं बसणं दहा मिनिटांचं. बाटली अर्धी राहिली होती आणि ऊन तापलं होतं. आई उठली. गाळपेरीत बायका पाण्याची कळशी गळ्यापर्यंत ओल्या गाळात पुरतात, दुपारी पाणी थंडगार लागतं. आईनं सतरंजीपासून चार हातांवर वाळू उकरली, बूच घट्ट लावून बाटली मानेपर्यंत पुरली, खुणेला सुरूची एक काटकी रोवली. मग म्हणाली, "आता ह्यी राहू दे. जेवून आल्यावर गार हुईल." मग शिंपले गोळा करून आली, आकारानुसार लावले. मग दिलीपच्या सदऱ्याचं बटण सैल झालेलं दिसलं, तर सुई मागितली. दिलीपनं माझ्याकडे बघितलं. आमचा कट काही यशस्वी होताना दिसत नव्हता.

एक वाजता पिशवी उचलून आम्ही अनवाणीच जेवायला गेलो. घर जवळ, वाट सावलीची, चपला सतरंजीवर वजनाला. ते जेवण मी विसरायची नाही. तांदळाच्या पिठाची पांढरीशुभ्र भाकरी, रव्यात घोळवून तळलेली सुरमई, ओल्या खोबऱ्यातल्या तिसऱ्या, कोळंबीचं कालवण, वाटीवाटीनं सोलकढी. आई सवयीनं उठून चुलीकडे निघाली, "भाकरी मी थापते" म्हणत. सुगंधाताईंनी उलथनं आडवं धरलं. "मावशी, माझ्या चुलीपाशी मी माझ्या सुनेला येऊ देत नाय. तुम्ही पाटावर." आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं, आपल्यासारखीच एक भेटली हे तिला कळलं असावं, आणि मुकाट बसली. सुरमईचा तुकडा मोडून तिनं वास घेतला. आमच्याकडे धरणातली चिलापी. चवीला बरी, पण पोटातून गाळाचा वास जात नाही, कितीही लिंबू चोळा. "मातीचा वासच न्हाई गं ह्याला," आई म्हणाली, आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. आईनं मागून घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

अडीचच्या सुमाराला, पोटं जड, आम्ही सुरूतून बाहेर पडलो आणि थांबलो. किनारा नव्हता. सकाळची ती मोठी मोकळी वाळू गेली होती आणि पाणी झाडांच्या मुळांपासून वीस पावलांवर येऊन फुटत होतं. सतरंजी नाही, चपला नाहीत, काटकी नाही. आई पाण्याकडे बघत उभी राहिली. मग माझा दंड धरून, खालच्या आवाजात म्हणाली, "नंदे, वरनं कुनीतरी पानी सोडलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं. पाणी अचानक चढलं म्हणजे वरच्या अंगाला कुणीतरी दार उघडलं, हाच अर्थ आमच्या रक्तात आहे.

मागून सुगंधाताई आल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, भरती लागली! मधोमध बसलात काय तुम्ही? मला वाटलं झाडाखाली असाल."

"रोज येतंय व्हय ह्ये?" आईनं विचारलं.

"रोज. दिवसरात्रीत दोनदा. येतं आणि जातं."

"दोनदा?" आई थक्क झाली. "मग तुमी पेरता कवा?"

"आम्ही कुठलं पेरतो मावशी, आम्ही मासे धरतो."

दिलीप पँट दुमडून पाण्यात शिरला. सतरंजी शंभर हातांवर तरंगत होती, ती ओढून आणली. सहा चपलांपैकी दोन हाती लागल्या, एक माझी डावी, एक त्याची डावी. बाटलीचा पत्ता नव्हता. सुगंधाताई म्हणाल्या, "पुरलीय ना? मग जात नाय कुठं. सहाच्या सुमाराला उघडं पडेल तेवढं. बसा तोवर."

अनवाणी कुठं जाणार? वाळू तापलेली, गावातलं दुकान दुपारचं बंद. बटण लावून झालेलं, शिंपले वाहून गेलेले. बसण्याशिवाय काही उरलंच नव्हतं. आम्ही सुरूच्या सावलीत बसलो.

आणि आई बसली. पाय लांब केले, हात मागे टेकले, पदर खांद्यावरून घसरला तो तसाच राहू दिला. एक तास. दोन तास. मी दोनदा विचारलं, "बरं वाटतंय ना?" तिनं हूं केलं. तिच्या हातांकडे माझं सारखं लक्ष. ते हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. बोटांची पेरं जाड झालेली, नखांच्या कडेला गाळाची रेघ, जी आता कुठल्याही साबणानं जात नाही. ते नुसते वाळूवर पडून होते. पाणी आधी आणखी थोडं वर आलं, थांबलं, आणि मग न सांगता मागे सरकायला लागलं. आई ते सगळं बघत होती.

दिलीपला वाटलं, हीच वेळ. त्यानं घसा साफ केला. "आई, बघ, किती बरं वाटतं ना असं बसलं की? पुण्याला तुला असंच. गॅलरीत खुर्ची टाकतो. काही करायचं नाही. गाळपेर सोड आता."

आई पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "त्याच्यासाटीच आनलंय न्हवं मला हितं?"

दिलीप पायाजवळची वाळू उकरायला लागला.

"तुमी दोगं घरापास्नं हितपतूर न भांडता आला. तवाच वळखलं म्या. लहानपनापास्नं येका गाडीत कदी नीट बसला न्हाईत."

"मग आलीस कशाला?" मी विचारलं. मला राग आला होता, आपण पकडलो गेल्याचा येतो तसा.

"समुद्र बगायचा व्हता," आई म्हणाली. "तुमच्या बाचं दरसाल ठरायचं आन् मोडायचं. तुमी न्हेताय म्हनल्यावर कशापायी न्हेताय ते मी का इचारू?"

मग तिनं पाय जवळ घेतले आणि आमच्याकडे वळली. "दिल्या, नंदे, ऐका. मला बसाय येत न्हाई असं वाटतंय तुमाला. आज बसले का न्हाई? बगितलंत न्हवं? मला बसता येतंय. बसाय येत न्हाई म्हनून मी रान करत न्हाई. मला करायचं असतंय म्हनून करते."

दिलीपचा आवाज चढला. तो चिडला की मला आधी वाटायचं त्याला गैरसोय होतेय; त्या दिवशी दिसलं की तो घाबरलेला आहे. "आणि पडलीस म्हणजे? गाळात एकटी पडलीस, कुणी नसलं तर?"

"हाक मारंन. काठावर चार बायका असत्यात. तुज्या तिसऱ्या मजल्यावर म्या हाक मारली तर कोन यील?"

आई पुन्हा पाण्याकडे बघत म्हणाली, "ह्यांचं पानी बग. दिसातनं दोनदा येतंय. पाय ठेवायपुरती जागा देत न्हाई. आपलं पानी शहानं हाय. चार म्हैनं दमानं सोडतंय. जवर ते सोडतंय, तवर मी न्हाई सोडायची."

तिनं हे आवाज न चढवता सांगितलं. मला लाज वाटली, ती अजूनही पुरती गेलेली नाही. इतकी वर्षं आईच्या आवडीला आम्ही सवय म्हणत होतो. सवय म्हटलं की ती मोडता येते, मोडणाऱ्याला पुण्यही लागतं. आवड म्हटलं की मान द्यावा लागतो. तिचं खोकी बांधणं, चादरीच्या घड्या, ते सगळं सवयीतलं असेलही. गाळपेर त्यातली नव्हती. पाणी उतरलं म्हणताना तिचा आवाज कसा होतो, ते मी दरवर्षी फोनवर ऐकत होते आणि तरी मला ते ऐकू आलं नव्हतं.

सहाला काटकी दिसली. आधी टोक, मग सगळी. दिलीप धावत गेला आणि दोन्ही हातांनी वाळू उकरून त्यानं बाटली वर काढली, क्रिकेटचा कप जिंकल्यासारखी डोक्यावर धरली. ती हाताला चांगली गार लागत होती. सुगंधाताईंनी ओले बोंबील तळून केळीच्या पानावर आणून दिले, बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे, आणि स्वतःही फुलपात्र पुढे केलं. सूर्य खाली चालला होता. आई बोंबील खात, घोट घेत, सुगंधाताईंना धरणाचं पाणी कसं उतरतं ते सांगत होती, आणि त्या तिला चंद्राचं गणित शिकवत होत्या. दिलीप सदरा काढून पाण्यात जाऊन बसला होता. आमच्यातलं कुणीच पुण्याचा विषय परत काढला नाही. इतकी सुखाची संध्याकाळ मला दुसरी आठवत नाही, आणि ती आमचा कट मोडल्यावर आली होती.

परत आल्यावर चौथ्या दिवशी आई गाळात उतरली. त्या साली कलिंगडं जोरात आली. एक माझ्या दुकानात काउंटरवर तिनं आणून ठेवलं, वजनकाट्याशेजारी, आणि गिऱ्हाइकांना कापून वाटलं. त्यानंतर दर वर्षी पेरणी उरकली की तीच विचारते, "समुद्राला कवा?" सुगंधाताईंचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये आहे. भरती किती वाजता ते विचारून मगच आम्ही निघतो.

ही सगळी झाली आठवण. आठवणीत पाय सुजलेला नसतो, यंदा सुजलेला आहे. माघात ती घसरली तेव्हा काठावर बायका होत्या, तिनं हाक मारली, त्या आल्या. तिचं म्हणणं खरं ठरलं. पण डॉक्टरनं वाकायला बंदी केलीय, तेही खरं. आणि गाळाचा पट्टा एक साल मोकळा राहिला की पुढच्या साली तिथं दुसरा कुणी पेरतो, आणि त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. म्हणजे ह्या वर्षी नाही पेरलं तर पुढं कधीच नाही. दिलीप ते बोलला नाही, पण त्यालाही माहीत आहे. म्हणूनच त्याला हेच वर्ष हवंय.

दोन दिवस मी विचार केला. खरं सांगायचं तर विचार पहिल्याच दिवशी झाला होता, दुसरा दिवस धीर गोळा करण्यात गेला. मी गाळात वाकलेय त्याला पंचवीस वर्षं झाली. माझीही पाठ दुखते, आणि मीच लोकांना वाकू नका सांगत असते. रविवारी दुकान उघडं असतं, आसपासच्या गावांतून त्याच दिवशी गिऱ्हाईक येतं. तरी मी शटरवर कागद चिकटवला, यापुढे रविवारी बंद, आणि चार महिन्यांनी तो काढायचा हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं. मग दिलीपला फोन लावला.

"रविवारी मी जातेय," मी म्हटलं. "पण आईला समजवायला नाही. पेरायला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आणि तिचा गुडघा?"

"गुडघा काठावर राहील. ती खुर्चीवर बसून सांगेल, मी वाकेन."

"बसेल ती?"

"तिला बसता येतं, दिलीप. तू होतास की तिथं."

मला वाटलं आता भांडेल, मी तयारही होते. मग तो हळूच म्हणाला, "बी किती हातांवर टोकायचं असतं गं? मी पार विसरलोय."

"मी पण," मी म्हटलं. "तिला विचारू."